पावलांचा पंचनामा

पंचनाम्यावर सही करण्याचा मान मला आजवर तीनदा मिळाला आहे. मान म्हणायचे ते ‘पंचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणत आलो म्हणून. वस्तुतः घटनास्थळाच्या आसपास जो कोणी साक्षर दिसेल आणि पळून जाणार नाही, तो पंच. शाळामास्तर या दोन्ही कसोट्यांना हमखास उतरतो.

त्यांतला तिसरा पंचनामा 2017 सालच्या मार्च महिन्यातला. सकाळच्या शाळेला सायकलवरून येणारा आमचा नववीतला एक मुलगा हमरस्त्यावरच्या दुभाजकातील फटीतून पलीकडे जाताना ट्रकखाली सापडला आणि जागीच गेला. फराळाच्या ताटाशेजारी हे सांगू नये, एवढे मला कळते. पण भाऊबीजेला निम्मा महाराष्ट्र याच रस्त्यांवरून बहिणीच्या घरी जात असतो, तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

त्या दिवशी हवालदारसाहेब आले आणि पावले टाकू लागले. फीता नव्हता. ‘टायर घासल्याच्या खुणा सुमारे चाळीस पावले’ असे त्यांनी सांगितले, एका शिपायाने लिहून घेतले आणि खाली एक नकाशा काढला. दोन समांतर रेघा म्हणजे रस्ता, एक चौकोन म्हणजे ट्रक, एक फुली म्हणजे आमचा मुलगा. मग पुढचा मजकूर आला. तो महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस शिपायाला तोंडपाठ असतो : भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने व रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून. दुभाजकातल्या फटीबद्दल त्या कागदावर अवाक्षर नव्हते. मीही सुचविले नाही. शाळेची घंटा होत आली होती. मी सही केली.

चार वर्षांनी साक्षीला बोलावणे आले. आरोपीच्या वकिलांनी मला विचारले, “गुरुजी, ही चाळीस पावले कोणाची? तुमची की हवालदारांची?” न्यायालयात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आमच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षकांनी नंतर मला फळ्यावर हिशेब करून दाखविला. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक 0.7 धरला आणि पाऊल 60 सेंटिमीटरांचे मानले, तर खुणा 24 मीटरांच्या होतात आणि वेग निघतो ताशी 65 किलोमीटर. पाऊल 75 सेंटिमीटरांचे मानले, तर वेग 73 होतो. हवालदाराच्या उंचीवर गाडीचा वेग ठरतो असा हा न्याय! ट्रकवाला संशयाचा फायदा मिळून सुटला. तो सुटला याचे मला दुःख नाही. तो दोषी होता की नव्हता हे त्या मुलाच्या आईला, न्यायाधीशांना, आणि कदाचित त्या ट्रकवाल्यालाही, कधीच कळले नाही, याचे आहे.

आता या पावलांना पर्याय नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ड्रोन नावाचे यंत्र आज लग्नात नवरदेवावर फुले टाकते, सभेला किती गर्दी जमली ते पुढाऱ्यांना दाखविते आणि मोर्चावर घिरट्या घालते. त्याच यंत्राने अपघाताच्या जागेवर पाच-पंचवीस मीटरांवरून फेऱ्या घालाव्यात, एकमेकांवर बरेचसे चढलेले शे-दीडशे फोटो घ्यावेत, जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणांशी संगणकाने ते जुळवावेत, की काही सेंटिमीटरांपर्यंत बरोबर असा त्या जागेचा नकाशा तयार होतो. गाड्या हलविल्या, रक्त धुतले, रस्ता मोकळा झाला, तरी चार वर्षांनी न्यायाधीशाला त्या नकाशावर पट्टी ठेवता येते. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी तिथल्या पोलिसांबरोबर हे करून पाहिले. ज्या मोजणीला दोन-तीन तास लागत, ती पाच ते आठ मिनिटांत आटोपते असे त्यांनी 2019 साली सांगितले. त्यांना मोठा आनंद याचा, की रस्ता लवकर मोकळा होतो आणि मागून येणारी गाडी थांबलेल्या रांगेवर आदळत नाही. आनंद रास्तच आहे. परंतु आम्हांला रस्ता मोकळा करण्याची कला शिकविण्याची गरज नाही. प्रेत बाजूला घेऊन, काचा झाडून, आम्ही अर्ध्या तासात पुन्हा हॉर्न वाजवू लागतो. मोजण्याची तेवढी आम्हांला सवय नाही.

तीही नाही असे कसे म्हणावे? 2020 सालापासून स्वामित्व योजनेत आमच्या गावठाणांवर ड्रोन फिरले. ज्या गावठाणावर इंग्रजांना शेतसारा नव्हता आणि म्हणून ज्याची त्यांनी कधी मोजणीच केली नाही, तिथे लोकांनी आपापल्या घरांभोवती फक्कीच्या रेघा मारल्या, आणि आकाशातून प्रत्येकाची भिंत मोजली गेली. ओसरीची हद्द आपण सेंटिमीटरांत सांगू शकतो. त्याच गावाच्या वेशीवर माणूस मेला, की पावले!

हे केवळ आळसाने होत असते तर मी गप्प बसलो असतो. पण कायद्याचे पुस्तक उघडून पाहा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 प्रमाणे, ज्या गुन्ह्याला सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे, तिथे न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आणि सर्व कामाचे चित्रीकरण करवून घ्यायचे. (राज्यांना याची तयारी करायला पाच वर्षांची मुदत आहे, असो.) घरात शिरून पितळेचा हंडा चोरला, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत : तज्ज्ञ आलाच पाहिजे. हयगयीने माणूस मारला, तर न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत : तज्ज्ञ आला तर आला. 2022 साली या देशाच्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतली पंधरा हजारांवर आपल्या महाराष्ट्रातली. त्यांना हंड्याइतकाही मान नसावा?

“यंत्रे आणून काय, मेलेला परत येतो काय?” असे विचारणारे सज्जन मला ठाऊक आहेत. त्यांनी आधी हंड्याबद्दल विचारावे. दुसरे सज्जन यंत्राचे भक्त. त्यांच्या मते कॅमेरा आला की सत्य आले. त्यांनी जालन्याकडे पाहावे. तिथल्या 2014 सालच्या विधानसभा निवडणुकीच्या दाव्यात निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा प्रश्न निघाला, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा चित्रीकरणाची नक्कल प्रमाणपत्रावाचून पुरावा म्हणून चालायची नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्येही तेच बंधन आहे. फोटो कोणी घेतले, कुठे ठेवले, मधे कोणी हात लावला की नाही, हे सांगणारा माणूस लागतोच. शिवाय पाऊस, अंधार आणि दाट झाडोरा यांपुढे ड्रोनचेही काही चालत नाही. तेव्हा पंच नकोत असे मी म्हणत नाही. पंचाच्या हातात फीता असावा आणि डोक्यावर ड्रोन असावा, एवढेच म्हणतो.

खरी मेख वेगळीच आहे. जमिनीवर उभे राहिले की ट्रक दिसतो आणि ट्रकवाला दिसतो. वरून पाहिले की रस्ता दिसतो. ढाब्यासाठी फोडलेला दुभाजक दिसतो, वळणावर नसलेला कठडा दिसतो, शाळेसमोर पुसून गेलेले पांढरे पट्टे दिसतात. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 198अ आले. रस्ता बांधणारा किंवा राखणारा ठरलेल्या मानकांप्रमाणे वागला नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. एक लाख! तेवढ्यात आजकाल बरी मोटारसायकलही मिळत नाही. पण निदान तेवढा तरी मागायचा, तर रस्त्याचे माप कागदावर पाहिजे. मजकुरात ‘भरधाव वेगाने’ एकदा लिहिले, की फट, कठडा आणि कंत्राटदार तिघेही निर्दोष सुटतात, आणि तेही खटल्यावाचून.

म्हणून माझी मागणी अशी : रस्त्यावर माणूस मेला की ड्रोनची मोजणी सक्तीची व्हावी, मग गुन्ह्याची शिक्षा पाच वर्षे असो की पाच महिने. आणि तो नकाशा ठाण्याच्या कपाटात राहू नये. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत दावा न्यायाधिकरणाकडे जायचा असतो आणि त्याची प्रत पीडितांना द्यायची असते. त्याच प्रतीबरोबर नकाशा मेलेल्याच्या घरी जावा आणि त्यांतला रस्त्याचा भाग ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. प्रेताचे फोटो मात्र कोणाच्या मोबाइलवर जाता कामा नयेत. ते ज्याने पाठविले, त्याच्यावरही खटला भरावा.

यंदा सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी मी खेळाच्या सामानातला फीता काढला आणि शिपायाला घेऊन हमरस्त्यावर गेलो. फट अजून आहे. तिची रुंदी 4 मीटर 20 सेंटिमीटर भरली. कागदावर तारीख घातली, खाली आम्हां दोघांच्या सह्या केल्या. तोवर शाळा सुटली होती. मुले सायकली हातात धरून फटीपाशी उभी राहिली, आणि आम्ही दोघांनी फीता रस्त्यावर आडवा धरून त्यांना पलीकडे पोहोचविले.