सौदा झाला, सोयरीक जमली नाही

८ मार्च २००० रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी वॉशिंग्टनमध्ये विद्यापीठीय श्रोत्यांपुढे एक भाषण केले. चीनला जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळावा आणि त्याच्याशी कायमस्वरूपी सामान्य व्यापारसंबंध जोडावेत, हा त्या भाषणाचा विषय होता. त्यांचा युक्तिवाद असा की, चीन आपला माल अधिक घेईल एवढाच या कराराचा अर्थ नाही. मालाबरोबर तो आपले स्वातंत्र्याचे मूल्यही आयात करील. इंटरनेटवर अंकुश ठेवण्याचा चीनचा प्रयत्न म्हणजे जेली खिळ्याने भिंतीवर ठोकण्याचा खटाटोप आहे, असे ते म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. त्याच वर्षी मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने २३७ विरुद्ध १९७ मतांनी विधेयक संमत केले. पुढे सिनेटनेही मान डोलावली. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला होता. पण बड्या कंपन्या आणि दोन्ही पक्षांचे धुरीण एका सुरात गात असताना कारखान्यातल्या माणसाचे ऐकतो कोण?

तो हशा अमेरिकेला फार महाग पडला.

जेली भिंतीवर ठोकली गेली. आणि खिळे धरायला अमेरिकी कंपन्याच पुढे आल्या. याहू या कंपनीने पुरवलेल्या माहितीच्या आधारे शी ताओ या चिनी पत्रकाराला २००५ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तियानमेन हत्याकांडाच्या पंधराव्या स्मृतिदिनाविषयी वृत्तपत्रांना आलेल्या सूचना त्याने ई-मेलने परदेशी कळवल्या होत्या, हा त्याचा गुन्हा. गूगलने २००६ मध्ये सरकारी कात्री मान्य करून चीनमध्ये दुकान थाटले आणि २०१० मध्ये काढता पाय घेतला. २०१९ च्या ऑक्टोबरात ह्यूस्टनच्या बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापकाने हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारे एक ओळीचे ट्वीट केले. चिनी दूरचित्रवाणीने सामने दाखवणे थांबवले. मायदेशात सामाजिक न्यायाच्या गोष्टी करणाऱ्या त्या क्रीडाविश्वाची पाचावर धारण बसली आणि ट्वीट गुपचूप पुसले गेले. व्यापाराने माणूस बदलतो हे क्लिंटन यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मात्र कोण बदलेल, हा त्यांचा अंदाज चुकला.

या चुकीच्या मुळाशी एक श्रद्धा आहे. जो आपल्यासारखे खातो, पितो, नेसतो तो उद्या आपल्यासारखाच विचार करू लागेल, अशी ती श्रद्धा. तिच्या दृष्टीने संस्कृती म्हणजे अंगावरचा जुना अंगरखा. सुबत्ता आली की माणूस तो आपणहून उतरवून ठेवतो. १९८७ मध्ये बीजिंगच्या छियानमेन भागात केंटकी फ्राइड चिकनचे पहिले उपाहारगृह उघडले, तेव्हा पाश्चात्त्य निरीक्षकांना केवढा आनंद झाला होता! आज त्याच केंटकीच्या चिनी दुकानांत सकाळी तांदळाची पेज आणि तळलेली चिनी कांडी मिळतात. २००० मध्ये स्टारबक्सने थेट बीजिंगच्या राजप्रासादात, ‘निषिद्ध नगरी’त, कॉफीचे दुकान काढले. सरकारी दूरचित्रवाणीच्या एका निवेदकाने २००७ च्या जानेवारीत त्याविरुद्ध आवाज उठवला, लाखो लोकांनी त्याला साथ दिली आणि जुलैमध्ये ते दुकान बंद झाले. आक्षेप कॉफीला नव्हता. चिनी तरुणाने कॉफी मनापासून स्वीकारली, इतकी की २०२३ मध्ये लकिन या चिनी कंपनीने तेथील विक्रीत स्टारबक्सला मागे टाकले. राजवाड्याच्या अंगणात कोणी दुकान मांडायचे, याचा निर्णय मात्र त्याने स्वतःकडे ठेवला.

आता दोन्ही समाजांच्या घरखर्चाकडे पाहू, कारण या नात्याचे खरे मर्म तेथे आहे.

चिनी कुटुंब बचत करते. का करते, याचे उत्तर देताना आपल्याकडील पंडित कन्फ्यूशियसचे नाव घेऊन मोकळे होतात. पितृभक्ती, काटकसर, मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणे, हे संस्कार त्या समाजात आहेतच. परंतु राज्यकर्त्यांनी त्या संस्कारांचा पुरेपूर वापर करून घेतला, हे सांगायला ही मंडळी विसरतात. नव्वदच्या दशकात सरकारी कारखान्यांतील ‘लोखंडी भातवाडगा’, म्हणजे आयुष्यभराच्या नोकरीची आणि औषधोपचाराची हमी, मोडीत निघाली. १९८० पासून २०१५ पर्यंत एका अपत्याचा कायदा होता. एकुलत्या मुलावर दोन आईबाप आणि चार आजीआजोबांचा भार आला. दुखण्याखुपण्याची आणि म्हातारपणाची सोय नाही म्हटल्यावर माणूस पैसा गाठीला बांधणार नाही तर काय करणार? २००८ च्या सुमारास चीनची एकूण बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्यावर गेली होती. त्याच काळात अमेरिकी कुटुंबाची बचत त्याच्या मिळकतीच्या दोन-तीन टक्क्यांवर आली होती. ऋण काढून सण करणे तेथे नागरिकाचे अर्थशास्त्रीय कर्तव्यच ठरले होते.

मग एकाची बचत दुसऱ्याच्या कर्जाला मिळाली. अमेरिकी गृहिणी वॉलमार्टमध्ये स्वस्त चिनी माल घेई. त्याचे डॉलर चीनच्या मध्यवर्ती बँकेत जमा होत आणि तेथून अमेरिकी सरकारच्या रोख्यांत परत येत. २०१३ च्या अखेरीस चीनकडील या रोख्यांचा साठा १.३ लाख कोटी डॉलरपर्यंत चढला होता. व्याजदर उतरले, घरे तारण टाकून नवी कर्जे काढली गेली, आणखी माल आला. नायल फर्ग्युसन आणि मोरित्झ शुलारिक या अभ्यासकांनी २००७ मध्ये या जोडगोळीला ‘चिमेरिका’ असे नाव दिले. नावातच ग्रीक पुराणातल्या विजोड अवयवांच्या राक्षसाची आठवण होती. ती खोटी ठरली नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा गृहकर्जाचा डोलारा कोसळला.

या सौद्यात नफा कोणाचा झाला? ॲपलच्या आयफोनचा हिशेब आशियाई विकास बँकेच्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला होता. सुमारे १७९ डॉलरच्या त्या यंत्रात चिनी मजुरीचा वाटा साडेसहा डॉलरचा! व्यापाराच्या आकडेवारीत मात्र सगळे १७९ डॉलर चीनच्या निर्यातीत धरले जात. त्याच २०१० साली शेन्झेनच्या फॉक्सकॉन कारखान्यात दहाहून अधिक तरुण कामगारांनी जीव दिला आणि मालकांनी वसतिगृहांच्या इमारतींभोवती जाळ्या बांधल्या. खेड्यातून आलेल्या अशा कामगाराला ‘हुकोऊ’ या नोंदणीपद्धतीमुळे शहरात मुलांच्या शाळेचा हक्क मिळत नसे. २०१० च्या जनगणनेवरून, आईबापांपैकी एक किंवा दोघेही परगावी असलेली सहा कोटींहून अधिक मुले खेड्यांत मागे राहिली होती. ज्या कुटुंबसंस्थेचे गोडवे चिनी नेते देशोदेशी गातात, तिची ही अवस्था त्यांच्याच कारखानदारीने केली. समुद्राच्या दुसऱ्या तीरावर काही वेगळे नव्हते. २००० मध्ये अमेरिकेत कारखान्यांत काम करणारे १ कोटी ७० लाखांच्या वर होते, ते २०१० पर्यंत १ कोटी २० लाखांच्या खाली आले. यंत्रांनीही हातांची जागा घेतली, हे खरे. तरी १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीने वीस ते चोवीस लाख रोजगार गिळले, असा तेथील अर्थतज्ज्ञांचाच अंदाज आहे. कामगार दुसऱ्या गावी जातील, नवे कौशल्य शिकतील, असे पाठ्यपुस्तकात लिहिले होते. माणसे गेली नाहीत. घर, चर्च, म्हातारी आई आणि गावची ओळख सोडून माणूस सहजासहजी जात नाही, हे अमेरिकेच्या अर्थतज्ज्ञांना स्वतःच्याच समाजाविषयी ठाऊक नसावे, याचे नवल वाटते.

ओहायो राज्यात डेटनजवळ मोरेन नावाचे गाव आहे. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना २३ डिसेंबर २००८ रोजी, नाताळच्या तोंडावर, बंद झाला. काही वर्षे ओस पडलेली ती वास्तू फूयाओ या मोटारींच्या काचा बनवणाऱ्या चिनी कंपनीने घेतली आणि २०१६ मध्ये तेथे नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. मालक छाओ दवांग हे फूच्येन प्रांतातले, गरिबीतून वर आलेले उद्योगपती. गावाने त्यांचे देवदूतासारखे स्वागत केले. जनरल मोटर्समध्ये तासाला २९ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांनी १२-१३ डॉलरवर काम पत्करले. पुढे काय घडले, ते स्टीव्हन बॉग्नर आणि जूलिया रायकर्ट या तेथल्याच दांपत्याच्या ‘अमेरिकन फॅक्टरी’ या माहितीपटात आहे. २०२० मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

प्रत्येकाने पाहावा असा हा चित्रपट आहे. चिनी कामगार घरदार सोडून दोन-दोन वर्षांसाठी आलेले, एका खोलीत अनेक जण राहणारे. अमेरिकी सहकारी आठ तास झाले की घरी जातो, शनिवार-रविवार सुटी घेतो, साहेबाशी वाद घालतो, याचे त्यांना आश्चर्य वाटते. अमेरिकी लोकांना लहानपणापासून कौतुकाची सवय असते, त्यांना गोंजारून काम करून घ्या, असा वर्ग चिनी अधिकारी आपल्या माणसांसाठी घेतात. अमेरिकी पर्यवेक्षकांना चीनमधील मूळ कारखाना दाखवायला नेतात. तेथे कामगार सैनिकांसारखे रांगेत उभे राहून घोषणा देतात, कंपनीची स्तुतिगीते गायिली जातात, वार्षिक समारंभात कंपनीतल्या जोडप्यांची लग्ने लागतात. एका अमेरिकी पाहुण्याचे डोळे भरून येतात. पण त्याच कारखान्याच्या आवारात पुरेशा संरक्षणाशिवाय फुटक्या काचा वेचणारे कामगारही कॅमेऱ्याने टिपले आहेत. ओहायोत परतल्यावर हा रांगेचा प्रयोग करून पाहिला गेला. ती रांग पाहून हसावे की रडावे कळत नाही. दरम्यान अमेरिकी सुरक्षा निरीक्षकांनी २०१६ मध्ये कंपनीवर दोन लाख डॉलरहून अधिक दंड प्रस्तावित केला होता.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की, हा केवळ दोन संस्कृतींचा खटका आहे. चित्रपटाचा कळीचा भाग पुढे आहे. अमेरिकी कामगारांनी संघटना बांधायचे ठरवले. ‘संघटना आली तर कारखाना बंद करीन’, असा छाओ यांचा पवित्रा. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या देशातून आलेल्या या मालकाने कामगारांना संघटनेपासून परावृत्त करण्यासाठी अमेरिकी सल्लागार नेमले आणि त्यावर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च केले. नोव्हेंबर २०१७ च्या मतदानात ८६८ विरुद्ध ४४४ मतांनी संघटना हरली. दूध कसे प्यावे, रांगेत कसे उभे राहावे, ‘आपला देश’ म्हणजे काय, यांपैकी एकाही बाबतीत ज्यांचे जमले नाही, त्या दोन देशांच्या मालकवर्गाचे कामगाराला गप्प बसवण्याच्या बाबतीत किती चटकन जमले! चित्रपटाच्या शेवटी छाओ स्वतःलाच विचारतात की, आपण समाजाला काही दिले की पाप केले? हा प्रश्न विचारणारा अमेरिकी कंपनीप्रमुख निदान माझ्या पाहण्यात नाही.

या दोन समाजांच्या स्मृतीही भिन्न आहेत. अमेरिकेची स्मृती तोकडी. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली, तीही त्यांच्याकडून डोंगर फोडून आरपार रेल्वे बांधून घेतल्यावर; तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. अमेरिकेत हे किती जणांना आठवते? चिनी शाळेत १८३९ चे अफूयुद्ध प्रत्येक मूल शिकते. अफू मुख्यतः इंग्रजांची होती, आपल्या माळव्यातून मुंबईच्या बंदरामार्गे ती जात असे. पण बॉस्टन-न्यूयॉर्कचे व्यापारीही त्या धंद्यात होते आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आजोबा वॉरन डिलानो हे त्यांपैकीच एक. २०२१ पासून अमेरिकेत मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने सलग तीन वर्षे दरसाल एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यात मोठा वाटा फेंटानिलचा आणि त्याची कच्ची रसायने प्रामुख्याने चीनमधून येणारी. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत याच कारणासाठी चिनी मालावर दहा टक्के शुल्क लावले, मार्चमध्ये ते वीसवर नेले. व्यसन तुमचे, तुम्हीच आवरा, असे बीजिंगचे उत्तर. कॅंटनच्या धक्क्यावर हेच उत्तर एकेकाळी गोऱ्या व्यापाऱ्यांनी दिले होते.

आपली मुले आपण कशी राखतो, यातही हे अंतर दिसते. बाइटडान्स या एकाच चिनी कंपनीची दोन रूपे : मायदेशी ‘डोयिन’, परदेशी ‘टिकटॉक’. २०२१ पासून डोयिनवर चौदा वर्षांखालील मुलांना दिवसाला चाळीस मिनिटेच मिळतात. अमेरिकी मुलांची काळजी त्या कंपनीने का घ्यावी? प्रश्न असा आहे की अमेरिकेनेही ती का घेतली नाही. तेथील विधिमंडळाने एप्रिल २०२४ मध्ये कायदा केला, तोही मुलांच्या मनासाठी नव्हे तर माहितीच्या सुरक्षेसाठी. चीनची ही काळजी निर्मळ आहे असे नाही. जे सरकार मुलांच्या खेळाचे तास मोजते तेच मोठ्यांची वाक्येही मोजते.

आपल्या वृत्तपत्रांचे अर्थविषयक रकाने मात्र आजही हा सारा झगडा शुल्काच्या टक्केवारीत मांडतात. २०१८ मध्ये शुल्कयुद्ध सुरू झाले. १५ जानेवारी २०२० ला मोठा खरेदीकरार झाला. ठरलेल्या खरेदीचा मोठा भाग झालाच नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेचे शुल्क १४५ टक्क्यांवर आणि चीनचे १२५ टक्क्यांवर गेले. चीनने दुर्मीळ मृदा खनिजांची निर्यात आवळली, तेव्हा मे महिन्यात शिकागोतला फोर्डचा कारखाना आठवडाभर थांबला. ज्या देशाला आपण स्वातंत्र्य विकत देणार होतो, त्याने लोहचुंबक दिले नाहीत तर आपली मोटार बाहेर पडत नाही, हे अमेरिकेला पाव शतकानंतर कळले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले. फेंटानिलचे शुल्क निम्मे झाले, खनिजांवरचे नवे निर्बंध वर्षभर पुढे ढकलले गेले आणि चीन पुढील तीन वर्षे दरसाल अडीच कोटी टन सोयाबीन घेईल, असे अमेरिकेने जाहीर केले. स्वातंत्र्याच्या मूल्याचा त्या यादीत उल्लेख नव्हता.