गरज नसतानाच मागा

नवरात्राची चाहूल लागली की बँकांना आपली आठवण येते. 'तुमच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा 80 हजारांवरून 1 लाख 60 हजार करून घ्या, होकारासाठी येथे दाबा.' असा मेसेज इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत नुकत्याच चिकटलेल्या पोराला येतो, आणि राजेंद्रनगरात राहणाऱ्या त्याच्या पेन्शनर वडिलांनाही येतो. पोरगा चहाचा घोट घेता घेता दाबून मोकळा होतो. वडील 'हे नसते लचांड' म्हणून मेसेज पुसून टाकतात. आमच्या मते दोघेही घाई करतात.

मेसेज पाठवून विचारण्याचे सौजन्य बँकांना आपोआप सुचलेले नाही. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या आणि त्या वर्षीच्या 1 जुलैपासून लागू झालेल्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. मर्यादा कमी करायची असेल तर मात्र संमती लागत नाही, ग्राहकाला नुसते कळवले की झाले. वाढवताना विचारायचे आणि कापताना सांगायचे, हा या व्यवहाराचा पाया आहे. वाढीचा अर्ज कधी करावा याचे उत्तरही त्यातूनच निघते.

मर्यादा वाढवून घेण्यात गैर काही नाही. तिचा एक फायदा खरा आहे. सिबिलसारख्या संस्था 300 ते 900 च्या दरम्यान जे पतगुण देतात, त्यांत मर्यादेपैकी किती भाग वापरला जातो याला बरेच वजन असते. 80 हजारांच्या कार्डावर दरमहा 40 हजार खर्च झाले तर वापर 50 टक्के. मर्यादा दुप्पट झाली आणि खर्च तेवढाच राहिला तर तो 25 टक्क्यांवर येतो. हा आकडा 30 च्या आत ठेवावा असा सल्ला सगळेच देतात. पण हेच काम मर्यादेला हात न लावताही साधते, हे सांगायला कोणी बसलेले नाही. बिल निघण्याची वाट न पाहता महिन्याच्या मध्यावर निम्मी रक्कम भरून टाकली की थकीत दिसणारा आकडा तिथेच खाली येतो. 2025 च्या जानेवारीपासून बँकांना ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा पुढे पाठवणे बंधनकारक झाले, म्हणजे त्याचा परिणामही लवकर दिसतो. केवळ गुणांसाठी मर्यादा वाढवणाऱ्याने आधी हा बिनखर्ची उपाय करून पाहावा.

तरीही वाढवून घ्यायचीच असेल तर कधी? पगार वाढल्यावर. एप्रिल-मेमध्ये वेतनवाढीचे पत्र हाती आले, नव्या पगाराच्या दोन-तीन पावत्या जमल्या, मागचे सहा महिने-वर्षभर प्रत्येक बिल पूर्ण आणि वेळेत भरलेले आहे, आणि सध्या काहीही मोठे घ्यायचे मनात नाही, अशा वेळी. इंदूर मुळात व्यापाऱ्यांचे गाव. सियागंजातल्या किंवा क्लॉथ मार्केटातल्या दुकानदाराकडे पगाराची पावती कुठून येणार? त्याने ताजे प्राप्तिकर विवरणपत्र भरून झाले की मग अर्ज करावा. ज्याच्याकडे दाखवायला हेही नाही, त्याला मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड बरे. तिथे ठेव वाढवली की मर्यादा वाढते, आणि बँकेची मर्जी राखावी लागत नाही.

यात गंमत अशी की ज्याला वाढीव मर्यादेची सर्वांत जास्त निकड असते, त्याचाच अर्ज बहुधा फेटाळला जातो. 80 पैकी 75 हजार वापरून बसलेला माणूस अर्ज करतो तेव्हा बँकेच्या संगणकाला त्याची अडचण दिसत नाही, धोका दिसतो. शिवाय आपण स्वतः अर्ज केला की बँक अनेकदा आपला पतअहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. घरकर्जाचा अर्ज दोन महिन्यांवर आला असेल तर ही नोंद कशाला ओढवून घ्यायची? कर्ज मंजूर होऊन रक्कम हाती येईपर्यंत कार्डाला हात लावू नये.

ज्याचे मागचे बिल पूर्ण फिटलेले नाही, त्याने तर या वाटेला जाऊच नये. हिशेब मांडून पाहा. 50 हजार थकले. दर महिना साडेतीन टक्के धरला तर व्याज 1750 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 315. एकूण 2065. 'किमान देय' म्हणून 5 टक्के, म्हणजे 2500 रुपये भरले आणि माणूस निश्चिंत झाला. मुद्दलातून गेले 435. त्यातच, थकबाकी मागे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या औषधावर आजपासूनच व्याज. हा दर वर्षाला 42 टक्के होतो. 30 टक्क्यांच्या वर व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तेव्हा वर टांगलेली ती छत्रीही आता नाही.

'खर्चायला नको हो, अडीअडचणीला असावी म्हणून वाढवून ठेवतो,' हे समर्थन आपल्या मराठी घरांत हमखास ऐकू येते, आणि ते सर्वांत शहाणपणाचे वाटते. आम्हाला तेच सर्वांत कच्चे वाटते. 2020 च्या टाळेबंदीत पगार कापले गेले, दुकाने बंद पडली, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही बँकांनी हजारो कार्डांच्या मर्यादा खाली आणल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या थकबाकीवरचे जोखीमभार बँकांसाठी 125 वरून 150 टक्क्यांवर नेले, म्हणजे अशा उधारीसाठी बँकेला स्वतःचे भांडवल जास्त अडकवावे लागू लागले. यात ग्राहकाची चूक काय? काही नाही. पण बँकेचा हात आखडतो तो अशाच कारणांनी. सगळ्यांवर एकदम वेळ येते, तेव्हा बँकही सगळ्यांकडे एकदमच संशयाने पाहते. अडीअडचणीला उपयोगी पडते ती बचत खात्यातली तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम. ती कमी करताना निदान आपली सही लागते.

कर्ज कसे असावे हे खरे तर इंदूरला कोणी शिकवायला नको. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला रेल्वेसाठी 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षे. खंडव्याहून इंदूरला गाडी आली ती त्या पैशावर. महाराजांनी आपला फायदा पाहिलाच होता, रूळ त्यांच्याच राजधानीत यायचे होते. पण घेणाऱ्यालाही पक्के ठाऊक होते की दर किती, मुदत किती, आणि मध्येच कोणी हात आखडता घेणार नाही. कार्डाच्या मर्यादेला मुदत नाही, तिचा भरवसा बँकेच्या सोयीपुरता, आणि दर त्या साडेचार टक्क्यांच्या नऊपटींहून जास्त. हे घ्यायला हरकत नाही, पण त्याला आपला पैसा समजू नये.

आता तर कार्ड खिशातून काढावेही लागत नाही. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. रात्री सराफ्यातल्या पेढ्यांची शटर खाली गेली की समोर गराडू नि भुट्ट्याचा कीस मिळू लागतो. तिथला क्यूआर स्कॅन केला की तीही उधारी. दुकानातला फ्रिज घेताना माणूस मर्यादेचा विचार करतो. साठ-सत्तर रुपयांच्या गराडूपुढे कोण करतो? वाढवलेली मर्यादा अशीच, भुकेच्या वेळी, सुट्या पैशांसारखी जाते. आणि महिनाअखेरीस बिलावर 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीचीच छप्पन नावे दिसतात.

सणासुदीच्या याच दिवसांत दुसरेही फोन येतात. 'सर, बँकेतून बोलतोय, आपली लिमिट वाढवून देतो, फक्त आलेला ओटीपी सांगा' किंवा 'ही फाइल इन्स्टॉल करा.' खरी बँक मर्यादा वाढवायला ओटीपी तोंडी विचारत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून अ‍ॅप पाठवत नाही. फोन ठेवावा, आणि घोटाळा झालाच असेल तर लाजत न बसता तासाभरात 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवावे.

राजेंद्रनगरातल्या वडिलांसाठी एक सोय आहे, तिचा उल्लेख कुठल्याच जाहिरातीत नसतो. मेसेज पुसून भागत नसेल, कार्डाची मर्यादा आजच गरजेपेक्षा जास्त वाटत असेल, तर ती कमी करून द्या असा अर्ज बँकेकडे करता येतो. ऑनलाइन खरेदीची आणि परदेशी व्यवहाराची मर्यादा तर मोबाइलवरूनच खाली आणता येते किंवा बंदही करता येते. त्यासाठी मात्र नवरात्रात कुणाचा मेसेज येत नाही.