मृत्युपत्र ही केवळ धनिकांची बाब नव्हे

मृत्युपत्र म्हणजे मालमत्ताधारी वर्गाची चिंता, अशी आपल्या कार्यकर्त्यांचीही समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. कारखानदाराच्या कुटुंबाला वकील परवडतात. वैजापूर-कन्नडकडील तीन एकरवाल्याच्या विधवेला वारसनोंदीसाठी तहसीलचे खेटे घालावे लागतात.

महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना, तर केंद्राने २००५ साली सर्वच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. परंतु कायद्याने मिळालेला हिस्सा घरात टिकत नाही. तेरावा उरकतो न उरकतो तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. हिला स्वेच्छा म्हणावयाचे काय?

म्हणून बापाच्या हयातीतच, लेकींना शेजारी बसवून, वाटणी ठरली पाहिजे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही (केलेली बरी). स्वतःची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. मात्र त्याच कागदाने आपल्या हिश्श्यातून मुलीला वगळताही येते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने ती मुभा ठेवली आहे, आणि पुरोगामी म्हणविणारी घरेही तिचा लाभ घेतात. पुढील अभ्यासवर्गात प्रत्येकाने आपल्या घरचा सातबारा आणावा.