ॲप म्हणतं जी मेजर

माझा एक जुना विद्यार्थी जामच्या चौरस्त्यावर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. समोरून हैदराबादकडे आणि चंद्रपूरकडे जाणारे ट्रक दिवसभर धडधडत असतात आणि हा कानाला हेडफोन लावून गाणी बनवत असतो. मागच्या महिन्यात मी चार्जर घ्यायला गेले, तर म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या स्नेहसंमेलनाच्या चालीले कॉर्ड लावल्या मी. ऐका न."

चाल माझीच होती, यमनमधली. माझे नाना कव्वालीच्या पार्टीत पेटी वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून जे कानावर पडलं तेवढंच माझं संगीत. मी ऐकलं. सूर सगळे बरोबर होते, ठेकाही चांगला. पण चाल सा वर येऊन थांबली तरी गाणं थांबल्यासारखं वाटेना. पाहुणा उंबऱ्यात एक पाय ठेवून उभा राहावा, ना आत ना बाहेर, तसं काहीतरी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन किंवा जास्त सूर एकत्र वाजले की कॉर्ड होते. गाण्याच्या चालीखाली या कॉर्ड एकामागून एक कोणत्या क्रमाने याव्यात, ते ठरवणं हे एक वेगळंच काम आहे. आता ते सांगणारी सॉफ्टवेअर आहेत. ‘बँड इन अ बॉक्स’ 1990 सालचं, त्यात कॉर्ड लिहून दिल्या की साथ वाजते. ‘कॉर्डिफाय’ तयार गाणं ऐकून त्यातल्या कॉर्ड शोधतं. ‘स्केलर’ तुम्ही वाजवलेले सूर पाहून पुढच्या सुचवतं. ‘हुकथिअरी’ तर गाण्यांच्या साठ्यावरून अमक्या कॉर्डनंतर कोणती किती टक्के वेळा येते तेही दाखवतं. हा साठा मुख्यतः पाश्चात्त्य पॉप गाण्यांचा.

मग आमच्या यमनचं काय झालं? पांढरी एकचा सा धरला तर यमनमध्ये एफ शार्प हा तीव्र मध्यम येतो, बाकी सगळे सूर शुद्ध. हेच सात सूर पाश्चात्त्य पद्धतीत जी मेजरचे असतात. ॲपने सूर मोजले आणि घर जी वर ठरवलं. म्हणजे माझ्या पंचमाला त्याने सा केलं आणि त्या हिशेबाने कॉर्ड मांडल्या. मी मुलाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "ॲप चुकत नाही मॅडम, सगळे सूर जुळते."

सूर जुळतात, हे खरंच होतं. वर्गात मुलं निबंध आणतात, त्यातही प्रत्येक शब्द जुळलेला असतो. मी मोबाईलवर ‘आपला’ लिहिलं की तो ‘विश्वासू’ सुचवतो, कारण हजारो अर्जांच्या शेवटी तेच येतं. पण मी बहिणीला लिहीत असेन तर? पुढे बहुतेक वेळा काय येतं हे यंत्राला कळतं. मी कुणाला लिहितेय हे त्याला मी सांगितल्याशिवाय कळणार नाही. यमनमध्ये सा कुठे, हे त्याच जातीचं आहे.

यावर "यंत्रांनी संगीत बुडवलं" म्हणणारे भेटतात. मी त्यांच्यातली नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवरच बंदी घातली होती. पेटीचे सूर ठरलेले, दोन सुरांमधून घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, हा आक्षेप. खोटा नव्हता. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. तोवर पेटी भजनी मंडळांत, कव्वालीत, नाटकात कायम वाजतच होती. गंमत म्हणजे पेटी हे मुळात परदेशी, कॉर्ड वाजवता येणारं वाद्य. आपल्याकडे हाताच्या भात्याची पेटी रुळली, डावा हात भात्यात अडकला आणि उजव्या हाताने आपण चालच वाजवत राहिलो. नानांनी जन्मात कॉर्ड वाजवली नसेल, आणि कव्वालीला तिची उणीव कधी जाणवली नाही.

कॉर्ड आपल्या गाण्यात ठसठशीत आल्या त्या मुंबईच्या सिनेमातून, आणि तिथे हे काम बरंचसं गोव्याच्या वादकांनी केलं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना सेबास्टियन डिसोझा करायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. याच गोन्साल्विसांनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर रचलेलं वाद्यवृंदाचं संगीत सादर केलं, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रागाच्या खाली कॉर्ड कुठे चालेल आणि कुठे नाही, हे या माणसांनी कानाने ठरवलं. पडद्यावर नाव बहुतेक वेळा संगीतकाराचंच आलं. आज ॲप जे दोन सेकंदांत देतं, ते काम इतकं अवघड आणि इतकं अदृश्य होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ॲप वापरा, पण सा त्याला ठरवू देऊ नका. आणि कॉर्ड लावायची की नाही, हाही प्रश्न आपल्याच हातात ठेवा, कारण कॉर्ड सुचवणारं ॲप ‘इथे काही लावू नका’ असं सहसा सुचवत नाही. मालकंसात पंचम वर्ज्य आहे. त्यात सा वरची साधी मायनर कॉर्ड धरली की पंचम आपोआप आत येतो. रागाने ज्याला दाराबाहेर ठेवलं तोच मधोमध येऊन बसतो!

आणि हे मुलाला सांगणार कोण? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमायला सांगितलं आहे. त्यात संगीताच्या वाट्याला काय येतं, ते आपापल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावं. माझ्या या विद्यार्थ्याला दहा वर्षांच्या शाळेत सा म्हणजे काय हे कुणी शिकवलं नाही. मीही नाही, मी भाषा शिकवत होते. ॲप हा त्याचा पहिला संगीतशिक्षक. तो थोडा बहिरा निघाला, यात मुलाचा काय दोष?

त्या दिवशी मी त्याला मोबाईलवर तानपुरा लावायला सांगितला आणि सा वर स्थिर होईपर्यंत गुणगुणायला लावलं. दोन ट्रक गेले, तिसरा गेला. मग तो स्वतःच म्हणाला, "अरे, घर तं इथं आहे." ॲपच्या यादीत लिडियन नावाचं सप्तक होतं, तेच यमनचे सूर, सी वर घर मानणारं. त्याने ते निवडलं. या वेळी ॲपने सुचवलेल्यांपैकी चार कॉर्ड त्याने ठेवल्या आणि दोन काढल्या. का काढल्या, ते त्याला सांगता येईना. मी विचारलंही नाही.

परवा पुन्हा गेले होते. आता मालकंसात काहीतरी चाललंय. अंतऱ्याला त्याने एकही कॉर्ड लावली नव्हती, फक्त सा आणि मध्यम धरून ठेवला होता. काउंटरवर स्क्रीनगार्ड लावून घेणारं गिऱ्हाईक म्हणालं, "इथं बाजा काहून बंद केला बे?"