फुप्फुसाची आकृती पुन्हा काढा!

विद्यार्थीमित्रांनो, श्वसनसंस्थेची आकृती तुम्ही वहीत अनेकदा काढली असेल. मधोमध श्वासनलिका, तिला दोन सारख्या फांद्या. डावीकडे जे काढले त्याचीच नक्कल उजवीकडे. झाले, पूर्ण गुण! माझ्या मते शिक्षकांनी हे गुण आता कापावेत.

वास्तविक उजवी श्वसनी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, रुंद आणि बरीचशी सरळ खाली उतरणारी असते. डावी जवळजवळ दुप्पट लांब, अरुंद आणि तिरपी. म्हणूनच ठसका लागून आत गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे सापडतो.

हे शरीररचनाशास्त्राला जुनेच माहीत आहे. मृतांच्या फुप्फुसांत रेझीन ओतून साचे काढत. स्विस शास्त्रज्ञ एवाल्ट वायबेल यांनी १९६३ साली हा मार्ग २३ वेळा दुभंगतो असे गणित मांडले. (२ चा २३ वा घात काढून पाहा, ८३ लाखांच्या वर जाल.) सोयीसाठी त्यांनी प्रत्येक फाटा समान धरला. असमान फाट्यांचा विचारही त्याच ग्रंथात आहे, पण लोकांच्या लक्षात राहिले ते सोपे चित्र.

सीटी स्कॅनने जिवंत माणसाचे फुप्फुस उघडून दाखवले. माणसाने काही सेकंद श्वास रोखायचा. तेवढ्यात यंत्र क्ष-किरणांनी छातीचे शेकडो पातळ छेद टिपते. या मोजपट्टीवर पाणी ०, तर हवा उणे १०००. त्यामुळे हवेची वाट काळी दिसते आणि संगणक ती छेदामागून छेद शोधत जातो. अमेरिकेत हजारो प्रौढांची अशी चित्रे तपासली, तेव्हा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे एकचतुर्थांश लोकांची रचना पुस्तकापेक्षा वेगळी निघाली! कुणाच्या खालच्या खंडात एक फांदी जादा, कुणाची नेहमीची एक गायब. अशांपैकी काहींत श्वासमार्ग अरुंद होण्याचा दीर्घकाळचा विकार अधिक आढळला. तेव्हा हा केवळ चित्रकलेचा प्रश्न नव्हे.

पण म्हणून रेझीनचे साचे अडगळीत टाका, असे मी म्हणणार नाही. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक फांद्या नेहमीच्या सीटीत नीट दिसत नाहीत. तिथे साचा आणि सूक्ष्मदर्शकच हवा. शिवाय छातीच्या साध्या फोटोपेक्षा यात क्ष-किरणांची मात्रा पुष्कळ जास्त, म्हणून हौसेखातर कुणाचा स्कॅन काढू नये.

मात्र पेन्सिलीला कसली मात्रा? पुढच्या वेळी उजवी फांदी आखूड आणि उभी काढा, आणि आकृतीखाली लिहा : ‘चारांपैकी एकाची रचना याहून वेगळी असू शकते.’