मास्कमागचं नाक

ठिपका ठिपका मोजून काढलेल्या चित्रात, म्हणजे पिक्सेल आर्टमध्ये, चेहऱ्याला मास्क घालणं सोपं वाटतं. नाकावर पांढरा चौकोन भरला की झालं! पण तो मास्क दिसतच नाही, खोडरबर फिरवल्यासारखा दिसतो.

१९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये मारिओला मिशी मिळाली, कारण तोंड काढायला ठिपके पुरत नव्हते. मिशीमुळे नाकही उठून दिसलं. मास्कचंही तसंच. तीन छटा पुरतात: नाकाच्या उंचवट्यावर उजळ, गालावर मधली, हनुवटीखाली गडद. शिवाय कानाकडे ताणलेल्या दोन चुण्या. कापड आतल्या चेहऱ्याचा आकार सांगतं, तो सांगू द्यावा.

२०२० साली आपल्याकडे घरोघरी जुन्या सुती कपड्यांचे मास्क शिवले गेले. त्या दिवसांतल्या माणसांची चित्रं काढताना 'चेहरा छान दिसावा' म्हणून मास्क गाळावा, हे मला पटत नाही. कित्येक जण तेव्हा आपल्याला फक्त डोळ्यांनी भेटले, काही पुन्हा भेटलेच नाहीत. त्यांचं न पाहिलेलं हसू आपण कुठून काढणार? त्यापेक्षा डोळ्यांखाली एक ठिपका वर सरकवा. मास्कआडून हसणारा माणूस मला तरी तेवढ्यानं ओळखू येतो.

तुम्हाला काय वाटतं?