रुग्णाचे गुपित आणि वैद्याचा भ्रमणध्वनी

केनवड (ता. रिसोड, जि. वाशीम) येथील आमच्या दवाखान्यात घडलेला एक प्रसंग व्यवसायबंधूंसमोर मांडावा की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. प्रसंगात चूक आमची आहे, आणि स्वतःची चूक छापून आणणे कोणालाही सुखाचे नसते. तथापि हीच चूक आज अनेक दवाखान्यांतून आणि औषधालयांतून नकळत होत असावी, अशी आमची खात्री झाल्यामुळे हे लिहीत आहोत. संबंधितांची ओळख पटू नये एवढी काळजी घेतली आहे.

श्वित्राची एक तरुण रुग्णा आमच्याकडे उपचार घेत होती. डाग मागे हटतात की पसरतात हे पाहण्यासाठी दर महिन्यास तिच्या संमतीने आम्ही भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेत असू. काही महिन्यांनंतरही अपेक्षित गुण येईना, तेव्हा ज्येष्ठ वैद्यांचा सल्ला घ्यावा म्हणून एक छायाचित्र आम्ही वैद्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. गटात दीडशेहून अधिक सदस्य होते. दोन-तीन उपयुक्त सूचना आल्या, त्याप्रमाणे चिकित्सेत बदलही केला. छायाचित्राच्या कोपऱ्यात टेबलावरचा केसपेपर आला होता आणि त्यावरील नाव व गाव वाचता येत होते, हे मात्र आमच्या ध्यानी आले नाही.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिचे वडील एकटेच आले. जुळत आलेली सोयरीक मोडली होती. पाहुण्यांनी त्यांना भ्रमणध्वनीवर तेच छायाचित्र दाखविले होते. "डाक्टरसाहेब, फोटू तुमच्याच टेबलावरचा हाये," एवढेच ते बोलले. भांडले नाहीत. औषधांची मागची बाकी चुकती केली आणि गेले. मुलगी पुन्हा उपचारास आली नाही. दीडशे जणांपैकी ते छायाचित्र कोणी कोणास पाठविले, याचा शोध आम्हांस लागला नाही. तो लावून उपयोगही नव्हता, कारण पहिला पाठविणारा आम्हीच होतो.

आमचा हेतू रुग्णहिताचा होता, हे खरे. परंतु तिने संमती दिली होती ती आम्ही पाहावे यासाठी. दीडशे अनोळखी डोळ्यांनी पाहावे, याला तिने संमती दिलेली नव्हती आणि आम्ही ती विचारलीही नव्हती. एका कामासाठी मिळालेली परवानगी दुसऱ्या कामासाठी वापरणे ही या सर्व विषयाची गुरुकिल्ली आहे, असे आता आम्हांस वाटते.

हा विचार परका नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला जो उपदेश करतो तो आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचला आहे. रुग्णाच्या घरी जाताना, ज्याला प्रवेशाची मुभा आहे अशा ओळखीच्या माणसासोबत जावे. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी आणि इंद्रिये रुग्णाच्या हिताखेरीज अन्यत्र लावू नयेत. आणि त्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, असा त्याचा आशय आहे. यातील क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम परवानगी, मग ठरलेल्या कामापुरतेच लक्ष, आणि शेवटी मौन. आजच्या कायद्यांनी जी तत्त्वे मोठ्या परिश्रमाने शब्दबद्ध केली, ती आपल्या शास्त्रात वैद्याच्या आचारधर्माचा भाग म्हणून आधीच आहेत. परीक्षेत आपण तो उतारा लिहिला. भ्रमणध्वनी हाती आल्यावर विसरलो.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. "खेड्यात काय लपून राहते? कोणाला कोणता आजार आहे हे पारावर सर्वांना ठाऊक असतेच." आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. पारावरची गोष्ट चार दिवसांनी विरते, तिला फाटे फुटतात, ऐकणाराही तिच्यावर पुरता विश्वास ठेवीत नाही. छायाचित्र विरत नाही. ते पुरावा म्हणून फिरते आणि दहा वर्षांनीही तसेच्या तसे उघडते. मार्च २०२० मध्ये गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला होता. तो शिक्का पाहून लोक कसे दूर सरत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मात्र ती शाई काही दिवसांत पुसली गेली. भ्रमणध्वनीवर उमटलेला शिक्का कशाने पुसावा?

आता कायद्याकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल व विधेयकाचा मसुदा सादर केला. बऱ्याच फेरबदलांनंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्या अधिसूचनेनुसार प्रमुख तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाच्या आहेत.

आपल्यापुरते त्याचे सार असे. उपचारासाठी रुग्णाने आपण होऊन दिलेली माहिती उपचारासाठी वापरण्यास अडचण नाही. अन्य कारणासाठी वापरावयाची तर स्पष्ट व मोकळ्या मनाने दिलेली संमती हवी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय संबंधितास असला पाहिजे; अर्थात मराठीतही. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीस व मंडळास कळविणे बंधनकारक आहे. पुरेशी सुरक्षितता न ठेवल्याबद्दल कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा ऐकून खेड्यातील वैद्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण दंड ठरविताना उल्लंघनाचे स्वरूप व गांभीर्य पाहावयाचे आहे. पण 'आपण लहान, आपल्याला काय लागू होणार' असे म्हणून मोकळे होण्याचेही कारण नाही. केवळ कागदावर राहिलेली नोंदवही या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याच पानाचे छायाचित्र काढले की ती माहिती डिजिटल होते आणि कायदा दारात उभा राहतो.

या कायद्याविषयी आमची एक तक्रारही आहे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांत आरोग्यस्थिती व वैद्यकीय नोंदी यांना 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातही तो होता. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच राहिला नाही. किराणा दुकानातील ग्राहकाचा पत्ता आणि स्त्रीरुग्णेचा गर्भपाताचा इतिहास यांस एकाच मापाने मोजणे आम्हांस योग्य वाटत नाही. आरोग्यविषयक माहितीसाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र कायद्याचा मसुदा केला होता, तो पुढे गेला नाही. तो विषय पुन्हा हाती घ्यावा, अशी मागणी सर्व पॅथींच्या चिकित्सकांनी एकत्रितपणे करावयास हवी.

दुसरा मुद्दा आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या या योजनेतील चौदा अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे. जुने कागद हरविलेल्या रुग्णास त्याचा खरोखर उपयोग होऊ शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु केसपेपर काढण्याच्या खिडकीवर ऐच्छिक या शब्दाचा अर्थ किती शिल्लक राहतो, हे रुग्णांच्या तोंडून ऐकल्यावर चिंता वाटते. "नंबर नाही तर रांगेत मागे व्हा" असे ऐकलेला मजूर संमती देत नाही, तो फक्त मान डोलावतो. शिवाय माहिती एकत्र साठली की धोकाही एकवटतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयाच्या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि कितीतरी दिवस तेथील कामकाज हाताने लिहून चालवावे लागले. इतक्या मोठ्या संस्थेची ही स्थिती, तर आपल्या टेबलावरील संगणकाची काय कथा! लहान दवाखान्याची खरी सुरक्षितता एकाच गोष्टीत आहे: अनावश्यक माहिती गोळाच करू नये.

गोपनीयता म्हणजे सर्वत्र मौन, असाही अर्थ कोणी घेऊ नये. क्षयरोगाच्या रुग्णाची माहिती शासकीय आरोग्य यंत्रणेस देणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि २०१८ च्या अधिसूचनेने औषध विक्रेत्यांसही त्या कक्षेत आणले. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या विवाहाच्या संदर्भात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही, असे म्हटले होते. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती कोणत्या परिस्थितीत व कोणी उघड करावी याची चौकट घालून दिली. ज्याला कळविणे कायद्याने आवश्यक आहे त्याला कळविणे हे कर्तव्य होय. गटावर टाकणे हे त्या कर्तव्यात मोडत नाही.

त्याचप्रमाणे शास्त्राच्या प्रगतीसाठी नोंदी हव्यातच. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिसंज्ञांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या चिकित्सेचे मोल जगापुढे मांडावयाचे तर रुग्णवृत्तांत नीट लिहिले गेले पाहिजेत. त्यासाठी व्याधी, दोष, दूष्य, अवस्था, औषध आणि कालावधी पुरेसे आहेत. नाव, गाव आणि चेहरा यांची शास्त्राला गरज नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना दोन शब्द. केवळ आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीसाठी वेगळा परवाना लागत नसल्याने आपल्याकडे नोंदी थोड्याच असतात, असा समज आहे. पण बिलाच्या संगणकप्रणालीत ग्राहकाचा भ्रमणध्वनी क्रमांक आणि औषधाचे नाव शेजारी-शेजारी बसलेले असतात. 'आपले औषध संपत आले असेल' असा संदेश त्या क्रमांकावर आपोआप जातो. आमच्या भागात अनेक घरांत एकच भ्रमणध्वनी असतो आणि संदेश वाचून दाखविण्याचे काम शाळकरी नातवाकडे असते. वाजीकरणाचे किंवा प्रदराचे औषध नेणाऱ्या ग्राहकाला असा संदेश काय ताप देईल, याची कल्पना करावी. प्रिस्क्रिप्शनचे छायाचित्र घाऊक विक्रेत्यांच्या गटावर टाकून 'हे कोणाकडे आहे का?' असे विचारण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. औषधाचे नाव तेवढे लिहून पाठविल्यास काम तितकेच होते. अनुसूची एच-१ मधील औषधे विकणाऱ्यांना रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे ठेवावीच लागते. ती नोंदवही गल्ल्यावर उघडी न ठेवता कपाटात ठेवण्यास खर्च येत नाही.

त्या प्रसंगानंतर आमच्या दवाखान्यात आम्ही काही नियम केले. छायाचित्र घेण्यापूर्वी टेबल मोकळे करावयाचे आणि चेहरा टाळावयाचा. सल्ला हवा असल्यास एकाच वैद्यास विचारावयाचे, तेही रुग्णास सांगून. काम झाल्यावर छायाचित्र पुसावयाचे. दवाखान्याचा भ्रमणध्वनी घरी मुलांच्या हाती द्यावयाचा नाही, आणि जुना झाल्यावर आतील सर्व माहिती काढल्याशिवाय विकावयाचा नाही. कोणी फुकट संगणकप्रणाली देऊ केली, तर रुग्णांची माहिती कोठे साठते व ती परत मिळते का, हे आधी लेखी विचारावयाचे. यांपैकी एकाही नियमास तंत्रज्ञानाचे विशेष ज्ञान लागत नाही.

संघटनेस आमची विनंती आहे की, मे २०२७ ची वाट न पाहता सोप्या मराठीत एक पानाचा संमतीचा नमुना तयार करून तो सर्व सभासदांस द्यावा. भिंतीवर लावता येईल अशी सूचनाही सोबत असावी. तालुकावार बैठकांत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा. आणि संघटनेच्या स्वतःच्या गटांवर रुग्णाचे नाव किंवा चेहरा टाकण्यास आजपासूनच बंदी करावी.

श्वित्र संसर्गजन्य नाही, हे त्या मुलीच्या वडिलांना आम्ही अनेकदा समजावून सांगितले होते आणि त्यांना ते पटलेही होते. ज्यांच्या हाती छायाचित्र गेले त्यांना ते समजावून सांगण्याची संधी आम्हांस कधी मिळालीच नाही. चिकित्सा अर्धवट राहिली ती औषधाच्या दोषाने नव्हे. रुग्णा आमच्या दारात आली होती ती विश्वासाने, आणि तो विश्वास आमच्याच हातातून निसटला. अन्य कोणा वैद्याच्या दारातून रुग्ण असा परत जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.